पट्ट्यातली चाल

"मॅडम, हा पट्टा दुसऱ्याच कुणी घातला, तर त्याला कळतं का?"

प्रश्न विचारून प्रचिती रेडेकर उभीच राहिली. सभागृहाच्या मागच्या रांगांमधून दाबलेलं हसू फुसफुसत बाहेर पडलं. खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता तरन्नुमनं पैज लावली होती, "वक्तृत्वाची ढाल आणलीस ना मोठी? मग दाखव विचारून डॉक्टरीणबाईंना!" आणि बाकीच्या मुलींनी "विचार की, विचार की" म्हणून तिला घेरलं होतं. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला "उपस्थित" म्हणतानासुद्धा या मुलीचा आवाज बाकाखाली जाऊन बसायचा. पण एकदा ढाल मिळाली आणि जादूच झाली. आता माईक दिसला की तिचे हात शिवशिवायचे. अशा मुलीला पैज लावायची म्हणजे फटाक्याच्या वातीला काडी लावण्यासारखंच!

व्यासपीठावर डॉक्टर कस्तुरी हिरेमठ होत्या. कोल्हापूरच्या एका संशोधन केंद्रातून त्या महिन्यातून एकदा गडहिंग्लजला यायच्या. मनगटावर हालचाल मोजणारा पट्टा बांधून मुलांच्या तब्येतीचा अभ्यास तालुक्यातल्या सगळ्या शाळांमधून चालला होता, आणि तो त्यांच्याकडे होता. त्या हसल्या.

"कुत्र्याच्या गळ्यात बांधला तर नक्की कळतं. तुमच्या शाळेतली एक व्यक्ती मागे चक्क चार पायांवर धावत होती आणि मधूनमधून थांबून कान खाजवत होती."

सभागृहात हशा पिकला. आठवीच्या रांगेत कुणाचे तरी कान लाल झाले. पैज जिंकून प्रचितीनं आता खाली बसायला हरकत नव्हती. पण नाही! बाईसाहेबांना सुरसुरी आली होती.

"आणि माणसाचा पट्टा दुसऱ्या माणसानं घातला तर?"

"प्रत्येकाची चाल त्याच्या सहीसारखी वेगळी असते," मॅडम म्हणाल्या. "ताडून बघायची म्हटली तर बघता येईल. पण आम्ही बघत नाही. मुलांच्या मागं पोलीस लावायचे नाहीत, असं आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं. तुमच्यावर विश्वास ठेवलाय. का, तुला काही सांगायचंय?"

"नाही मॅडम. सहज."

टाळ्या पडल्या. तरन्नुमनं शिट्टी मारायला तोंडात बोटं घातली आणि वर्गाच्या बाईंनी डोळे वटारल्यावर तीच बोटं केसांत फिरवली. प्रचिती खाली बसली तेव्हा चेहऱ्यावर हसू होतं, पण ते वरवरचं.

कारण तिच्या मनगटावरचा पट्टा रोज सकाळी दुसऱ्याच मनगटावर असायचा.

ही कल्पना मम्मीची. दहावीचं वर्ष लागलं आणि रेडेकरांच्या घरात जणू सुतक आलं. पाहुणे बंद, लग्नकार्यं बंद, भिंतीवरच्या टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर मम्मीनं चक्क अस्तराचं कापड टाकून ठेवलं. त्यात शाळेनं ठरवलं, की शारीरिक शिक्षणाचे गुण आता पट्टा देणार. सकाळी भरपूर चालायचं, खेळायचं, आणि ते पट्ट्यात उतरलं की गुण. मम्मी ब्लाउज शिवता शिवता मशीन थांबवून म्हणाली होती, "चालून का भूमिती सुटतीय? ऐन डोकं ताजं असतंय तेव्हा रस्त्यानं हिंडायचं?" मग तिची नजर बूट घालत असलेल्या पप्पांवर गेली. पप्पांना साखरेसाठी रोज चालायला सांगितलेलंच होतं. "अहो, तुम्ही जाताच की. तिचा पट्टा घालून जावा. एका चालण्यात दोन कामं."

पप्पांना गंमत वाटली. "म्हणजे घाम माझा आणि गुण हिचे! चला, एवढ्या वर्षांनी दहावीला बसलो म्हणायचं."

तेव्हापासून प्रचिती सकाळी प्रमेयं पाठ करायची, पप्पा तिचा पट्टा डाव्या मनगटावर चढवून हिरण्यकेशी नदीच्या पुलापर्यंत चालून यायचे, आणि शाळेत जाताना पट्टा पुन्हा तिच्या हातात यायचा. शाळेच्या फलकावर 'सक्रिय विद्यार्थिनी' म्हणून तिचा फोटोसुद्धा लागला. फोटोत ती इतकी निरागस दिसत होती, की तिचं तिलाच कौतुक वाटलं.

*

सभागृहातल्या त्या प्रश्नानंतर थोड्याच दिवसांनी शाळेनं मम्मीला बोलावून घेतलं. प्रयोगशाळेशेजारच्या छोट्या खोलीत हिरेमठ मॅडम बसल्या होत्या. प्रचितीच्या डोक्यात एकच विचार. सापडलो. फोटो उतरणार.

मॅडमनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि त्या सरळ मुद्द्यावर आल्या. "प्रचिती, तू विचारलेला प्रश्न माझ्या लक्षात आहे. म्हणून पुढचं बोलायच्या आधी विचारते. हा पट्टा कायम तूच घालतेस ना?"

प्रचितीनं तोंड उघडलं. पण तिच्या आधी मम्मी बोलली.

"तीच घालती. दुसरं कोण घालणार?"

इतकं ठाम, इतकं पटकन, की प्रचितीनं उघडलेलं तोंड तसंच मिटलं. गुण वाचले, असं मम्मीच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "मग नीट ऐका. घाबरू नका, पण नीट ऐका."

या पट्ट्यात, त्यांनी सांगितलं, वाळूच्या कणाएवढी एक चकती असते. त्या चकतीत इवलीशी वजनं केसाहून बारीक स्प्रिंगांवर टांगलेली असतात. बस जोरात निघाली की उभी माणसं मागं रेलतात ना, तशी हात हलला की ही वजनं मागंपुढं होतात, वरखाली होतात, डावीउजवीकडं होतात. प्रत्येक हेलकाव्याची विजेची बारीकशी नोंद होते, एका सेकंदात कितीतरी वेळा. त्या नोंदींची लाट काढली की चालणं वेगळं दिसतं, पळणं वेगळं, जिना वेगळा, बसून पाय हलवणं वेगळं. माणूस दमलाय की आळसावलाय, हेसुद्धा लाट सांगते.

"आता चालण्यातली गंमत बघा. उजवा पाय पुढं पडला की डावा हात आपोआप पुढं जातो. आपण काही त्याला सांगत नाही. मेंदूच्या तळाशी पेशींचा एक छोटा पुंजका आहे, त्यातून झिरपणाऱ्या रसायनावर हे आपोआपपण चालतं. एका आजारात या पेशी हळूहळू सुकतात. हात थरथरायला लागतो तेव्हा लोक डॉक्टरकडं जातात, पण तोवर बऱ्याचशा पेशी गेलेल्या असतात. त्याच्या कितीतरी आधी एक हात झुलायचा कमी होतो. वळताना माणूस एका गिरकीत वळत नाही, छोटी छोटी पावलं टाकत वळतो. घरच्यांना हे दिसत नाही. त्या माणसालाही कळत नाही. पट्ट्याला दिसतं."

मम्मीच्या हातातला पाण्याचा पेला टेबलावर टेकला, पण तिनं तो सोडला नाही.

"प्रचितीच्या सकाळच्या चालण्यात डावा हात जवळजवळ झुलतच नाही. शाळेतल्या हालचाली मात्र ठणठणीत आहेत. मोठं माणूस असतं, तर हाच आजार असं मी लगेच म्हटलं असतं. मुलांमध्ये एक फार दुर्मिळ प्रकार असतो, त्यात दिवसाच्या काही वेळी हालचाल बिघडते आणि काही वेळी सुधारते. तो आहे का, ते बघावं लागेल. दंडात औषध टोचून मेंदूचं चित्र काढायचं. पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला या." मग त्यांनी मम्मीच्या हातावर हात ठेवला. "वेळेत कळलंय, हे चांगलं झालं. आता नवीन औषध आलंय, ते पेशींचं सुकणं पुष्कळ लांबवतं. अट एकच, लवकर सुरू करायला हवं. उशिरा दिलं तर त्याचा उपयोग होत नाही."

प्रचितीनं आपला डावा हात उचलून बघितला. तो तिचाच होता. बोटं हलत होती, अंगठ्यावर शाई होती. एक भयंकर क्षण तिला वाटलं, की हे खरंच आपल्याबद्दल चाललंय. मग सकाळ आठवली. सकाळी आपण चालतच नाही! सुटकेचा श्वास छातीत आला आणि अर्ध्यावरच अडकला.

*

घरी येताना मम्मी भराभरा चालत होती. कोपऱ्यावर आल्यावर तिनं प्रचितीला जवळ ओढून कपाळाचा मुका घेतला, भर रस्त्यात!

"तुला काही झालेलं नाही बाळा. तो पट्टा सकाळी तुझ्या हातात नसतोच."

"मला माहितीय मम्मी. मग कुणाला झालंय?"

मम्मीनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "यंत्रच ते. चुकलं असेल."

"मग परत जाऊ या की. सांगू या मॅडमना."

"आणि फोटो? आणि गुण? कॉपी केल्यासारखंच झालं की ते. आणि पप्पांचं..." ती मध्येच थांबली. "चल. घरात ब्लाउज पडलेत."

'पप्पांचं' च्या पुढचं वाक्य प्रचितीनंच मनात पूर्ण केलं. पप्पा एसटी चालवत होते. गडहिंग्लज ते सावंतवाडी, आंबोली घाटातून, रोज.

*

दुसऱ्या दिवशी उजाडताना पप्पा बूट घालायला बसले, तर प्रचितीही बूट घालून दारात उभी.

"काय हो बाई, प्रमेयं संपली वाटतं जगातली?"

"आज मी पण येणार."

"मग पट्टा कुणी घालायचा?"

"तुम्हीच घाला. मला तुमच्याबरोबर नुसतं चालायचंय."

नदीकडच्या रस्त्यावर गारवा होता. पप्पा नेहमीसारखे बोलत होते. कालच्या फेरीत एका आजीबाईंनी कोंबडीचं तिकीट काढायला कसा नकार दिला, "कोंबडी माझ्या मांडीवर बसलीय, सीटवर नाही," याची त्यांनी साग्रसंगीत नक्कल केली. प्रचिती हसली. हसता हसता मुद्दाम बुटाची नाडी बांधायला खाली बसली आणि पप्पांना पुढं जाऊ दिलं.

पाठमोरे पप्पा. उजवा हात झुलत होता, ऐटीत, नेहमीसारखा. डावा हात कोपरात जरासा वाकून पोटाशी धरल्यासारखा तसाच राहिला होता. जणू त्यात न दिसणारी पिशवी अडकवलीय. पाऊल पडलं, पुन्हा पडलं, पुन्हा पडलं. हात काही हलेना.

आयुष्यभर बघितलेला माणूस होता हा! याच्या खांद्यावर बसून तिनं जत्रा बघितली होती. आणि हे दिसलं कसं नाही कधी?

"पप्पा!" तिनं हाक मारली.

ते वळले. एका झटक्यात नाही. पावलापावलानं, छोट्या जागेत गाडी वळवावी तसे.

"काय गं? चेहरा का असा झाला?"

"डावा हात हलवा की जरा. चालताना."

पप्पा हाताकडं बघून हसले. "हे होय! आळसावलाय तो. जुनी गाडी होती तेव्हा दिवसभर गिअर टाकून टाकून दंड भरून यायचा. आता बॅटरीच्या गाडीला गिअरच नाही. डाव्याला बसून पगार मिळतोय."

म्हणजे असं होतं तर. जुनी बस असती तर त्या हातानं घाटात कधीच दगा दिला असता आणि सगळ्यांना कळलं असतं. नव्या, शहाण्या, मऊ चालणाऱ्या बसनं ते झाकून ठेवलं होतं. आणि पप्पांनीसुद्धा. हे तिला लगेच कळलं, कारण हसून झाल्यावर त्यांनी तो हात चटकन खिशात घातला.

पुलावर पोचेपर्यंत प्रचितीच्या डोक्यात गर्दी झाली होती. घाटातलं एखादं वळण, समोरून येणारा ट्रक, स्टिअरिंग दोन्ही हातांनी गरकन फिरवायची वेळ आणि हा खिशातला हात. दर सोमवारी तरन्नुमची मोठी बहीण शबनमताई त्याच गाडीनं सावंतवाडीच्या कॉलेजला जायची. "तुझ्या पप्पांची गाडी असली की मी निवांत झोपते," असं ती म्हणायची.

*

त्या संध्याकाळी प्रचितीनं सगळं सांगितलं. पेशींचं सुकणं, झुलणारा हात, लवकर घ्यायचं औषध. पप्पा जमिनीवर मांडी घालून बसले होते. मम्मी मशीनवर होती, पण पाय पायडलवर नुसताच ठेवलेला.

ऐकून झाल्यावर पप्पा म्हणाले, "मॅडमनी तुझ्याबद्दल सांगितलं हे."

"पप्पा, माझ्याबद्दल नाही, हे आपल्या तिघांनाही माहितीय."

"मग कोल्हापूरला जाऊन ये. चित्र काढतील, तू धडधाकट निघशील, विषय संपला."

"दंडात सुई टोचून घेऊ? न झालेल्या आजारासाठी?"

"तुझी बारावी होईपर्यंत, बाळा." पप्पांचा आवाज एकदम मऊ झाला. "तोवर चालवतो. मग बसतो घरी. घाट मला डोळे मिटून येतो."

"डोळे मिटून नका ना चालवू!"

हे इतक्या मोठ्यानं निघालं, की शेजारच्यांचा कुत्रा भुंकला. एरवी तिघंही हसले असते.

"कळलं तर आधी गाडीवरून उतरवतील," पप्पा म्हणाले. "डेपोत टेबलाशी बसवतील. रेडेकर ड्रायव्हर. तेवढीच ओळख आहे गं माझी."

"आणि औषध? उशिरा दिलं तर उपयोग नाही म्हणाल्या त्या. आज सुरू केलं तर तुम्ही कितीतरी वर्षं..." तिनं मम्मीकडं बघितलं. "मम्मी, तू बोल की काहीतरी!"

मम्मीनं मान वर केली. "मी काय बोलू? त्यांच्या खाकी शर्टाची बटणं मीच लावतीय, दिवाळीपासून. डाव्या बोटांना जमत नाहीत. मी म्हटलं, काजं घट्ट झालीत. एकेक काज उसवून मोठं केलं मी." तिनं पप्पांकडं बघितलं नाही. "परवा बघितलं, तर सगळी काजं मोठी केलेली होती. आणि बटणं मीच लावत होते."

पप्पांनी डावा हात उजव्या हातात घेतला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

प्रचितीला एकाच वेळी रडू आलं, राग आला आणि भीती वाटली. सगळ्यात मोठी भीती ही, की आपणही आता गप्प बसू. गप्प बसणं किती सोपं होतं! गेल्या वर्षापर्यंत तिला तेच तर उत्तम जमायचं. एक सुई टोचून घ्यायची, फोटो फलकावर राहील, पप्पा खाकी शर्ट घालून सकाळी निघतील, मम्मी बटणं लावेल. आणि आपण रोज संध्याकाळी सावंतवाडीची गाडी आली का, म्हणून कान लावून बसू.

ती उठून उभी राहिली. सभागृहात उभी राहायची तशीच. फक्त इथं माईक नव्हता.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "तुम्ही दोघं आधी ऐकून घ्या, मग ओरडा. उद्या मी हिरेमठ मॅडमना फोन करणार आणि सांगणार, की सकाळचं चालणं माझं नाही. पट्टा मी दिला होता. 'मम्मीनं सांगितलं म्हणून' असं मी म्हणणार नाही, कारण मलाही सकाळी लोळत प्रमेयं पाठ करायला आवडत होतं. फोटो उतरवतील, गुण कापतील, वर्गात तरन्नुम आठवडाभर पिडेल. पिडू दे."

"आणि माझं नाव?" पप्पांनी विचारलं.

"ते मी घेणार नाही. तो हात तुमचा आहे. त्याच्याबद्दल मॅडमशी तुम्हीच बोलायचं. मी बरोबर येईन, मम्मी पण येईल. पण बोलायचं तुम्ही."

"आणि नाहीच बोललो तर?"

पुढचं वाक्य प्रचितीनं दिवसभर मनात घोळवलं होतं.

"तर सोमवारी सकाळी मी स्टँडवर उभी राहीन आणि शबनमताईला तुमच्या गाडीत चढू देणार नाही. ती विचारेल, का गं? मला तिच्याशी खोटं बोलता येणार नाही, पप्पा. सोमवार यायच्या आत तुम्ही काय ते ठरवा."